भिंतीलाही वाफसा हवा

(मंदिर जीर्णोद्धाराच्या निमित्ताने शेलूबाजार येथे गावकरी व देणगीदार यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवळाच्या मांडवात उभे राहून भिंतीविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच आहे. कीर्तनाच्या जागी हा गृहस्थ गवंडीकाम सांगावयास उठला, असे कोणी म्हणेल. पण जीर्णोद्धार म्हणजे जे जीर्ण झाले त्याचा उद्धार. देवळात सर्वांत आधी जीर्ण होते ती बाहेरची भिंत. ऊन-पावसाचा मारा तीच सोसते. तेव्हा आजचा विषय भिंतीचाच असावा हे योग्यच झाले.

जेथे जेथे जुन्या देवळाचे काम निघते तेथे तीन सूचना हमखास पुढे येतात. पहिली, बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा करावा. दुसरी, खाली तीन-चार फुटांपर्यंत चिनी मातीच्या टाइल्स किंवा संगमरवर लावावा. तिसरी, वरती चकचकीत ऑइल पेंट द्यावा. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. देऊळ नवे दिसावे, टिकावे, स्वच्छ राहावे, असे कोणाला वाटत नाही? परंतु घामाच्या पैशातून आलेली देणगी या कामी लावण्यापूर्वी भिंत मुळात खराब का होते, हे आपण सर्वांनी मिळून समजून घ्यावे, एवढी माझी नम्र विनंती आहे.

आपण शेतकरी मंडळी. वाफसा म्हणजे काय हे आपणांस सांगणे नलगे. पाऊस पडला, रान भिजले, मग जास्तीचे पाणी निघून गेले, मातीत ओलही राहिली आणि हवाही खेळू लागली, की आपण म्हणतो वाफसा झाला. रानात पाणी साचून राहिले तर पीक पिवळे पडते. भिंतीचेही तसेच आहे. भिंत भिजणारच, उघड्यावर उभी असलेली कोणतीही वस्तू भिजल्यावाचून राहत नाही. भिजली तितकी ती सुकली पाहिजे. जी भिंत भिजते आणि सुकते ती शेकडो वर्षे टिकते. जी भिंत भिजते पण जिला सुकू दिले जात नाही, ती आतून कुजते. माझ्या भाषणाचे सार एवढेच आहे. पुढे जे सांगणार आहे तो त्याचा विस्तार समजावा.

आपले पूर्वज ही गोष्ट चांगली ओळखून होते. जुन्या दप्तरात शेतजमिनीला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणत. काळी माती पाणी प्याली की फुगते, सुकली की भेगाळते. उन्हाळ्यात आपल्या शिवारातील भेगांत हात जातो. पिकाला ही माती सोन्यासारखी, पण भिंतीला निरुपयोगी. म्हणून घरे पांढरीवर बांधली गेली आणि भिंतीही पांढऱ्या मातीच्याच उभ्या राहिल्या. त्या मातीत गव्हांडा घालून ती कुजवीत, तुडवीत, मग तिचा थर चढवीत. वऱ्हाडातील गढ्यांचे बुरूज याच मातीचे आहेत. ज्या गढीच्या माथ्यावरचे छप्पर गेले ती ढासळली, आणि जिचे छप्पर राहिले ती उभी राहिली. शत्रू कोण, हे त्या गढ्याच सांगतात.

आता हा शत्रू, म्हणजे पाणी, भिंतीत येते कोठून? त्याच्या वाटा चार आहेत.

पहिली वाट डोक्यावरून. पन्हळ पाल्यापाचोळ्याने चोंदते, गच्चीचे पाणी साचते आणि भिंतीच्या माथ्यातून आत उतरते. शिखराच्या सांध्यात पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून पिंपळ उगवतो. पिंपळ तोडावयास आपला हात धजत नाही, ही भावना मी जाणतो. पण रोप बोटभर असतानाच मुळासकट अलगद काढून गायरानात लावले तर देऊळही वाचते आणि पिंपळही. मुळे दगडांच्या सांध्यात मनगटाएवढी झाली, म्हणजे मग दोहोंपैकी एकालाच वाचविता येते.

दुसरी वाट तोंडावरून. मृगापासून आपल्याकडे वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून वाहतो आणि पावसाची झड त्या अंगाच्या भिंतींवर येते. कोणत्याही जुन्या घराची पश्चिमेची भिंत पाहा, शेवाळ व काळे डाग तेथेच अधिक दिसतील. यावर जुना उपाय म्हणजे वळचण. छप्पर भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट काढले की पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. आपल्या भागातील हेमाडपंती देवळे पाहा. लोणारचे दैत्यसूदनाचे मंदिर तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच आहे. अशा देवळांच्या भिंतींवर एकावर एक आडवे थर व कंगोरे असतात. ते शोभेसाठी खरेच. पण पुढे आलेली प्रत्येक कड भिंतीवरून उतरणारे पाणी अडवून बाहेर टाकते. शोभा आणि उपयोग अशा रीतीने एकाच छिन्नीने साधले जात. आजच्या छज्जालाही खालच्या कडेजवळ बोटभर खाच ठेवली तर पाणी तेथे तुटते, नाहीतर ते छज्जाच्या पोटाने परत भिंतीकडे येते. या खाचेला वेगळा खर्च लागत नाही, फक्त गवंड्याला आधी सांगावे लागते.

तिसरी वाट पायाकडून, आणि हीच सर्वांत फसवी. समईची वात जसे तेल वर ओढते तशी दगड, विटा व चुना यांतील बारीक छिद्रे जमिनीतील ओल वर ओढतात. ही ओल दोन-तीन फूट चढते आणि येताना मातीतील क्षार बरोबर आणते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यालाच आपण लोणा लागला असे म्हणतो. येथे जीर्णोद्धारातच होणारी एक गोष्ट सांगावीशी वाटते. देवळाभोवती चिखल होतो म्हणून सारे आवार काँक्रीटने किंवा फरशांनी भरून काढतात. जमिनीची पातळी वाढते आणि जुने जोते अर्धे गाडले जाते. पूर्वी उघड्या मातीतून उडून जाणारी ओल आता फरशीखाली कोंडते, आणि तिला वर येण्यास एकच जागा उरते, ती म्हणजे देवळाची भिंत! उतार देवळाकडे गेला असेल तर मग विचारावयासच नको. फरसबंदी करावी, पण जोते मोकळे ठेवून, उतार बाहेर काढून आणि भिंतीलगत पाणी वाहून नेणारी नाली ठेवून.

पायाशी पाणी साचण्याचा दुसराही धोका आहे. पाया काळ्या मातीत असेल तर ती दर पावसाळ्यात फुगून भिंत उचलते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खाली सोडते. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या जाणाऱ्या भेगा बहुधा याच ओढाताणीच्या असतात. म्हणून आपल्याकडे पाया मुरमापर्यंत नेतात. मुरूम फार खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेले, बुडाशी फुगीर असे जमिनीतील खांब वापरता येतात. जुन्या देवळाचा पाया आपण बदलू शकत नाही. पण भोवतालची माती वर्षभर सारखी राहील, एवढे पाणी दूर नेणे आपल्या हाती आहे.

चौथी वाट आतून. अभिषेकाचे पाणी, गाभारा धुण्याचे पाणी, उत्सवातील गर्दीच्या श्वासातील वाफ, हे सारे भिंतीतच मुरते. गोमुखाचा सांधा फुटलेला असेल तर ती भिंत बारा महिने ओली राहते. मग तिला बाहेरून कितीही रंग द्या, दिवाळीला दिलेला रंग आखाडात सोलून निघतो.

आता गिलाव्याकडे येऊ. आपला काळा दगड स्वतः फारसे पाणी पीत नाही. चुन्यात बांधलेल्या भिंतीत ओलीची ये-जा चालते ती मुख्यतः दर्जांतून. चुना मऊ असतो आणि त्याला बारीक छिद्रे असतात. भट्टीत सुमारे ९०० अंश उष्णतेवर चुनखडी भाजली, पाण्यात विरवली आणि वाळूबरोबर घाणीत मळली, म्हणजे तो चुना हवेतील कर्बद्विप्राणिल वायू हळूहळू शोषून पुन्हा दगड बनतो. या दगडातून ओल बाहेर पडू शकते. बाळापूरचा किल्ला १७५७ साली पूर्ण झाला. आज आपण वापरतो त्या पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडात निघाले ते १८२४ साली. म्हणजे ते सिमेंट जन्मण्यापूर्वीच त्या विटांनी निम्म्या शतकाहून अधिक पावसाळे काढले होते, आणि ते तट आजही उभे आहेत.

अशा भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा चढविला तर काय होते? ऊन-थंडीने भिंत किंचित हलते, कडक गिलाव्याला केसाएवढ्या चिरा पडतात, पाणी चिरेतून आत जाते. पण बाहेर येण्यास तेवढीशी चीर पुरत नाही. वर ऑइल पेंट असेल तर वाट पुरतीच बंद. मग क्षार गिलाव्यामागे साठतात, त्यांचे खडे वाढतात आणि त्यांच्या दाबाने विटेचे व दगडाचे पापुद्रे निघू लागतात. बाहेरून भिंत गुळगुळीत आणि आत तिचा भुगा! टाइल्सचेही हेच, फक्त रोग दिसावयास अधिक काळ लागतो, एवढेच. गिलावा हा भिंतीचा अंगरखा आहे. झिजावयाचे तर अंगरख्याने झिजावे, अंगाने नव्हे. चुन्याचा गिलावा काही वर्षांनी खरवडून नवा करता येतो; कोरीव दगड पुन्हा कोठून आणावयाचा?

याचा अर्थ सिमेंट वाईट असा कोणी घेऊ नये. नव्या सभामंडपाचे खांब, तुळया, स्लॅब यांना सिमेंटवाचून गत्यंतर नाही. नव्या विटांच्या भिंतीला एकास सहा प्रमाणाचा गिलावा, निदान सात दिवस नीट पाणी मारून केला, तर उत्तम चालतो. प्रश्न सोबतीचा आहे. मऊ व जुन्या भिंतीला मऊ सोबतच मानवते.

भिंतीला पावसात कसे जपावे याचा एक सुंदर नमुना आपल्या विदर्भातच आहे. १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगावी, म्हणजे पुढे ज्याला सेवाग्राम हे नाव मिळाले त्या खेड्यात, राहावयास गेले. तेथील बापू कुटी माती, बांबू, लाकूड व कौले यांची आहे. मातीच्या त्या भिंती इतक्या वर्षांनंतरही उभ्या आहेत, कारण छप्पर खाली उतरलेले आहे, भोवती ओसरी आहे, आणि पावसाळ्यापूर्वी भिंतींच्या बाहेर शिंदीच्या पानांच्या झांज्या बांधल्या जातात. पाऊस झांजीवर झेलला जातो, मागे हवा खेळते आणि भिंत कोरडी राहते. आज मोठ्या शहरांतील इमारतींच्या बाहेर थोडे अंतर सोडून धातूचे किंवा दगडाचे तक्ते बसवितात व मागे हवेला वाट ठेवितात. त्याला लाखो रुपये लागत असतील. तत्त्व मात्र झांजीचेच.

उलट उदाहरण साता समुद्रापलीकडचे आहे. कॅनडातील व्हँकुवर शहराकडे पाऊस पुष्कळ. तेथे १९८० व १९९० च्या दशकांत सपाट तोंडाच्या, वळचणी नसलेल्या, बाहेरून गिलावा केलेल्या लाकडी सांगाड्याच्या इमारती मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. पाणी आत शिरले, बाहेर पडू शकले नाही, आणि गिलाव्याआडचे लाकूड कुजून हजारो कुटुंबांवर दुरुस्तीचा बोजा पडला. १९९८ साली तेथील प्रांताचे माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. विशेष हे की त्याच देशाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळातील एन. बी. हचन यांनी १९५३ सालीच बाहेरच्या भिंतीने कोणकोणती कामे केली पाहिजेत हे लिहून ठेविले होते. पाऊस अडवावा, हवा, वाफ व उष्णता यांना आवर घालावा, भार सोसावा, टिकावे, दिसावे नीट आणि परवडावे. ज्ञान घरात होते, पण फॅशनपुढे ते चालले नाही. विद्या असून उपयोग नाही, ती गवंड्याच्या थापीपर्यंत पोहोचली पाहिजे.

आता थोडे उन्हाविषयी, कारण येथे बसलेल्या अनेकांचे घर बांधावयाचे आहे. समृद्धी महामार्ग आपल्या शेलूबाजारजवळून गेला. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी वाहतूक सुरू झाली, आणि रस्त्याबरोबर शहरातील घरांचे नमुनेही गावात आले. सपाट तोंड, मोठी काच, वळचण नाही. मग मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की कूलर, कूलर पुरेना म्हणून ए.सी., आणि मग विजेचे बिल.

मेच्या उत्तरार्धात आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणजे सर्वांत जास्त ऊन छतावर, त्याखालोखाल सकाळी पूर्वेच्या व दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. दक्षिणेच्या भिंतीवर तेव्हा ऊन फार थोडे असते. ते हिवाळ्यात येते, आणि तेव्हा ते हवेच असते. यावरून एक गोष्ट ध्यानी घ्या. पावसाची झड पश्चिमेला आणि उन्हाची तिरीपही पश्चिमेलाच. पश्चिमेची भिंत सांभाळली की अर्धे घर सांभाळले. घराची लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे ठेवावी. पश्चिमेला जिना, कोठीची खोली किंवा पडवी घ्यावी, आणि अंगणात एक कडुनिंब लावावा.

जाड भिंतीचा गुण असा की ती ऊन उशिरा आत सोडते. नऊ इंची विटेच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोहोचावयास साधारण सहा-सात तास लागतात. दोन फुटी मातीच्या भिंतीला दहा-बारा तासांहूनही अधिक. तोवर बाहेर रात्र होते व खिडक्या उघडून घर थंड करता येते. पातळ काँक्रीटची भिंत मात्र ऐन संध्याकाळी, माणसे घरी परततात तेव्हाच आग ओकू लागते. जाड भिंत परवडत नसेल तर पोकळ भिंत करावी. केरळात स्थायिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी विटा आडव्या न ठेवता उभ्या धारेवर बसवून मध्ये पोकळी सोडण्याची पद्धत हजारो घरांत रूढ केली. तीत विटा सुमारे पावपटीने कमी लागतात, आणि कोंडलेली स्थिर हवा उष्णतेला अडविते. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पांढरा चुना. ताजी सफेदी उन्हाचा बराच मोठा भाग परत फेकते. दर उन्हाळ्यापूर्वी छतावर व पश्चिमेच्या भिंतीवर तिचा हात द्यावा. आपल्या आया-बहिणी सणावाराला पांढऱ्या मातीने भिंती पोतारीत, त्यात ही सारी विद्या होती.

परदेशी नमुना जसाच्या तसा उचलू नये याचे आणखी एक कारण आहे. थंड देशांत घरातील उबदार हवेची वाफ बाहेर जाऊ पाहते. आपल्याकडे पावसाळ्यात ए.सी. लावला तर उलट बाहेरची दमट हवा आत येऊ पाहते. वाफ अडविणारा प्लास्टिकचा थर तिकडच्या पुस्तकात आहे म्हणून येथे भिंतीच्या आतल्या अंगाला लावला, तर ओल त्याच्यामागेच कोंडेल.

आता समितीपुढे आणि देणगीदारांपुढे माझे म्हणणे मांडतो व संपवितो.

गिलावा, टाइल्स आणि पेंट यांचा निर्णय एक पावसाळा लांबणीवर टाकावा. पहिल्या मोठ्या पावसात गावातील चार जाणत्यांनी छत्री घेऊन देवळाला एक प्रदक्षिणा घालावी. पाणी कोठून पडते, कोठे साचते, भिंत कोठे भिजते ते पाहावे, आणि भिजलेल्या जागी खडूने खूण करून तारीख टाकावी. पाऊस उघडल्यावर आठ दिवसांनी पुन्हा पाहावे. जी जागा तोवर सुकली नाही तिच्यामागे पाण्याची एखादी वाट आहे. ती वाट आधी बुजवावी, मग शोभेचे पाहावे. कामाचा क्रम माथ्यापासून पायापर्यंत असावा. आधी शिखर व गच्ची, मग पन्हळी, मग गोमुख, मग आवाराचा उतार व नाली, नंतर चुन्याने दर्जा भरणे, आणि सर्वांत शेवटी सफेदी.

देणगीदार मंडळींना हात जोडून एक सांगतो. कळसाला देणगी मिळते, दाराच्या चांदीला मिळते, संगमरवरी फरशीला मिळते. नालीला कोणी देणगी देत नाही, कारण नालीवर नाव लिहिता येत नाही. तरीपण कळस ज्या भिंतीवर उभा आहे तिला ती नालीच सांभाळते. आणि नावाच्या पाट्या जुन्या भिंतीत खिळे ठोकून बसवू नयेत. प्रत्येक छिद्र ही पाण्याची नवी वाट आहे. सर्वांची नावे सभामंडपात एका स्वतंत्र फलकावर सन्मानाने कोरावीत. जमलेल्या निधीतील काही रक्कम बँकेत मुदतीच्या ठेवीत ठेवावी आणि तिच्या व्याजातून दरवर्षी मृगापूर्वी पन्हळी साफ कराव्यात, पिंपळाची रोपे काढावीत, दर्जा तपासाव्यात. जीर्णोद्धार एकदा करून संपणारे काम नव्हे. दरवर्षी थोडा थोडा केला तर पुन्हा मोठा करावा लागत नाही.

मंडळी, आपल्या आजोबा-पणजोबांनी हे देऊळ आपल्या स्वाधीन केले ते उभे. आपणही ते नातवंडांच्या स्वाधीन उभेच करावयाचे आहे, आणि त्यासाठी भिंतीला तिचा वाफसा मिळाला पाहिजे. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!